हाकेचं खाचर

आषाढातल्या त्या पहाटे पाऊस नुकताच थांबला होता. काठी टेकत खडकावर चढताना शेवाळावरून ढवळूचा पाय सटकला. वर पोचल्यावर तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. खाली धुकं होतं. पाड्याची घरं जिथं असतील तिथं काळोख जरा दाट दिसत होता, एवढंच. त्यानं डोक्यावरचं इरलं काढून खडकाला टेकवलं, घसा खाकरला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हाक मारली.

"चला हो ऽऽऽ! कामाला चला हो ऽऽऽ!"

हाक दरीत उतरली, समोर सूर्यमाळच्या डोंगराला लागली आणि परत आली. आवाज अजून होता तसाच होता. ढवळूला बरं वाटलं. त्यानं कान दिला. एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. कुणाच्या तरी घरात म्हातारा माणूस खोकला. चुलींचा धूर कुडांतून वर यायला लागला, आणि दारं जिथल्या तिथं मिटलेली राहिली.

त्यानं पुन्हा हाक मारली. मग उजाडेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.

ढवळूच्या आज्यापासून हा खडक त्यांच्या घराकडे होता. संस्थानाच्या काळात वरून पाटलाकडे निरोप येई, पाटील ढवळूला सांगे, आणि ढवळू पहाटे खडकावरून हाक मारी. कधी गवत कापायला, कधी ओझी वाहायला, कधी पाटलाच्याच आवणीला, भाताची रोपं लावायला. हाक उठली की दारं उघडत. माणसं दुपारची भाकर फडक्यात बांधून खाली मान घालून निघत. कुणी तापानं फणफणलाय, कुणाची रोपं खोळंबलीत, हे हाकेला ऐकू येत नसे. ढवळू कधी कुणाच्या दारात गेला नव्हता. त्याला तशी गरजच पडली नव्हती. कुणाला हातही लावला नव्हता. ते पाटलाचा माणूस करी. आपण फक्त हाक मारतो, असं तो म्हणे, आणि ते खरं होतं.

त्या हाकेबद्दल त्याच्या आज्याला ओढ्याकाठचं भाताचं खाचर मिळालं होतं. पाटलाची आवणी झाली की वेठीची तीच माणसं एका दिवसात हे खाचरही लावून देत. म्हणून त्याचं नाव हाकेचं खाचर. पाड्यातल्या बाकीच्यांची उतारावर नागली आणि वरई. भाताचा चिखल करणारी घरं मोजकीच.

मग जव्हारचं राज्य मुंबई सरकारात गेलं. वेठ बंद झाली असं मोखाड्याच्या बाजारात लोक एकमेकांना सांगू लागले. त्या पावसाळ्यात ढवळूनं हाक मारली तेव्हा माणसं सवयीनं आली. पुढच्या पावसाळ्यात थोडी आली, एकमेकांच्या तोंडाकडे बघत आली, आणि दुपारीच निघून गेली. उरलेलं ढवळूनं आणि त्याच्या बायकोनं, फागीनं, मिळून लावलं.

यंदा फागीच्या पायाला नारू झाला होता.

---

"आलं कुणी?" फागीनं विचारलं.

ती दाराशी लाकडाच्या ओंडक्यावर पाय ठेवून बसली होती. घोट्याच्या वर सूज चढून कातडी चकाकत होती. जखमेतून निघालेला नारूच्या जंताचा पांढरा धागा तिनं एका काडीवर गुंडाळला होता. रोज सकाळी ती काडीला एक वेढा देई. जास्त ओढला तर तुटतो, आत राहतो, मग पाय जातो.

"येत्याल," ढवळू म्हणाला.

"येत्याल म्हंजे नाय आले."

"धुकं होतं. हाक पोचली नसंल."

"मला पोचली. मी तर घरात होते."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. फागीनं काडी दोन बोटांत धरून हळूच फिरवली आणि दात आवळले.

"समदी रोपं उपटून ठेवलीस तू," ती म्हणाली. "तुला म्हटलं होतं, रोज लागतील तेवढीच उपट."

"माणसं आली अन् मुठी तयार नसल्या तर? माणसं काय उभी ऱ्हात्यात?"

"कुठं हायेत माणसं?"

हीच त्याची चूक होती, आणि ती त्यालाही कळत होती. आजवर तो करत आला तसंच त्यानं केलं होतं. खाचराचा चिखल केला, फळी फिरवली, राबाच्या वाफ्यातली सगळी रोपं उपटली, मुठी बांधल्या आणि पाण्यात मांडून ठेवल्या. माणसं एका ओळीत उतरली की एका दिवसात खाचर हिरवं होतं, हेच त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. पण उपटलेलं रोप थांबत नाही. दोन-चार दिवसांत मुळं तपकिरी पडतात, मूठ आतून गरम होते, कुजते. आणि फागी-ढवळूच्या घरात वर्षाचं पोट त्या मुठींवरच होतं. उतारावरची नागली त्यांनी यंदा केली नव्हती. एक माणूस किती करणार?

तो उठला, इरलं घेतलं आणि ओढ्याकडे गेला.

खाचर लांबट होतं. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक पावसात पुसट दिसायचं. तो पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरला, पहिली मूठ सोडली आणि वाकला. अंगठा आणि दोन बोटांत तीन-चार रोपं धरायची, चिखलात खुपसायची, हात काढायचा. त्याची बोटं या कामाला तयार नव्हती. वेठीची माणसं लावत तेव्हा तो बांधावर उभा असे. त्याची रोपं तिरपी पडत, काही पाण्यावर तरंगत. तो मागे वळून ती पुन्हा खुपसी.

दुपारपर्यंत कंबरेत कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. पलीकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला माघ्याच्या खाचरात आवणी चालली होती. सगळा पाडा तिथं होता. बायका गाणं म्हणत होत्या, एकजण पुढचं म्हणे, बाकीच्या उचलत. मधेच मोठ्यानं हसायचं. पावसाची सर आली की गाणं बुडून जाई आणि सर गेली की तिथूनच वर येई.

ढवळूनं एकदा मान वर करून बघितलं. मग पुन्हा बघितलं नाही.

अंधार पडला तेव्हा खाचराचा एक कोपरा लावून झाला होता.

---

दुसऱ्या पहाटे तो जरा लवकर खडकावर गेला. त्या दिवशी धुकं नव्हतं. घरं स्पष्ट दिसत होती, म्हणजे घरांनाही तो दिसत असणार. त्यानं पोटातून हाक मारली, बाप मारी तशी, शेवटचा सूर लांबवून. एका दारातून माघ्याची बायको तुळशी बाहेर आली. ढवळूनं काठी उचलली. तुळशीनं शेळी सोडली, वर बघितलं, आणि आत गेली.

खाली उतरताना त्याला वाटेत माघ्या भेटला. खांद्यावर नांगर, पुढं बैल. ढवळूपेक्षा तो वयानं लहान, पण पाड्यात त्याचा शब्द चालू लागला होता.

"ढवळूदा, घसा बरा हाय ना?" माघ्यानं विचारलं. "काल जरा चिरकल्यासारखा वाटला."

"म्हंजे तुला ऐकू आली."

"आमच्या बैलाला बी ऐकू आली. कान टवकारून उभा ऱ्हायला."

"मंग आला का नाय?"

माघ्यानं नांगर खांद्यावरून उतरवून जमिनीवर टेकवला. बैल पुढं जाऊन गवताला लागले.

"खरं सांगू? फागीवहिनीचा पाय आम्हाला ठाव हाय. तुळशी म्हणत होती, जाऊ एक दीस. मी बी म्हटलं, जाऊ." तो थांबला. "पण पहाटं ती हाक आली ना, का पाय मागं फिरत्यात. मी लहान होतो तवा ही हाक आली का आई चुलीवरची पेज तशीच टाकून निघायची. आम्ही बघत बसायचो, पेज करपायची. ती हाक ऐकून तुझ्याकडं यायचं म्हंजे... नाय येववत."

"मग कशी मारू हाक?"

माघ्या हसला. वाईट हसला नाही.

"दादा, सावडीला कुणी हाक मारतं व्हय? मी तुझ्याकडं एक दीस यायचं, तू मपल्याकडं एक दीस यायचं. दारात येऊन सांगायचं, उद्या मपली आवणी हाय. झालं. तू कुणाच्या आवणीला ग्येलास कधी?"

ढवळू काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. माघ्यानं नांगर उचलला.

"मुठी सावलीला ठेव," जाता जाता तो म्हणाला. "ऊन पडलं तर सपल्या."

त्या दिवशी ढवळूनं आणखी थोडं लावलं. वाकून वाकून त्याला उभं राहता येईना, तेव्हा तो गुडघ्यांवर रांगत लावू लागला. मुठींच्या वरच्या पात्यांची टोकं पिवळी दिसू लागली होती.

संध्याकाळी तो घरी न जाता माघ्याच्या घराकडे वळला. वाटेत त्यानं मनाशी शब्द जुळवले. उद्या मपली आवणी हाय. एवढंच तर म्हणायचं. कुडाशी पोचला तेव्हा आत उजेड होता, आवणीची माणसं जेवायला बसली होती. पेजेचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. ढवळूला उगाच वाटलं की ते आपल्यालाच हसले.

तो कुडाबाहेर पावसात उभा राहिला. खडकावर उभं राहून सगळ्या दरीला ऐकू जाईल असं ओरडणं सोपं होतं. इथं दार हातभर अंतरावर होतं आणि घशातून आवाज निघत नव्हता.

तुळशी उष्टं पाणी टाकायला बाहेर आली आणि दचकली.

"कोण? ढवळूदादा? असा का उभा?"

"नाय... काय नाय."

"विस्तू पाहिजे का?"

"व्हय," ढवळू म्हणाला. "विस्तू."

तिनं फुटक्या खापरीत राख घालून वर दोन निखारे ठेवून दिले. ढवळू ती खापरी इरल्याखाली धरून, पाऊस लागू नये म्हणून छातीशी कवटाळून, जपून जपून घरी आला.

फागी चुलीपाशी बसली होती. चूल चांगली पेटलेली होती.

तिनं खापरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. निखारे घेऊन चुलीत टाकले.

---

तिसऱ्या पहाटे ढवळू उठला तेव्हा फागी जागी होती.

"पुन्हा चाललास?"

"जातो."

"तोच खडक, तीच हाक. काल नाय आले, परवा नाय आले. आज कसं येत्याल?"

"तू नाय का रोज काडी फिरवीत?" ढवळू म्हणाला. "रोज तेच करतीस. एक दीस निघंलच ना?"

"तो नारू हाय. माणसं काय नारू हायेत?"

तो गेला. हाक मारली. नेहमीची दोन वेळा मारून झाली तरी त्याच्यानं उतरवेना, म्हणून आणखी एकदा मारली. ही मारताना आवाज फाटला. दारं मिटलेली होती. तो खाचरात आला, पिवळी पडत चाललेली एक मूठ हातात घेतली, आणि वाकला.

थोड्या वेळानं बांधावर कुणाची तरी चाहूल लागली.

बुधी उभी होती. पाड्याच्या अगदी वरच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. कंबरेत वाकलेली, कानानं जवळजवळ गेलेली. ती दोन-तीन वर्षं वावर गावी लेकीकडे होती. लेक वारली, जावयानं दुसरी बायको केली, म्हणून उन्हाळ्यात ती परत आली होती. डोक्यावर इरलं, कमरेला फडकं बांधलेलं.

"आले रं बाबा," ती म्हणाली. "तू खडकावर दिसलास, पण वाट निसरडी, म्हून उशीर झाला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊस होता. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. लुगडं खोचलं, चिखलात उतरली, दोन मुठी उचलल्या आणि वाकली. तिचे हात बघत राहावेत असे चालत होते. तिची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ पडत होती आणि शेजारी ढवळूची ओळ दारू प्यायलेल्या माणसासारखी.

दोघं बराच वेळ लावत राहिली. मग म्हातारी कंबरेला हात लावून सरळ होताना ढवळूला दिसली.

"टेक जरा मावशे," तो मोठ्यानं म्हणाला.

बुधीनं चटकन त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा वाकली. हात आणखी भराभर चालवू लागली.

तो तिच्याजवळ गेला. "टेक म्हणतो!"

"टेकले नाय रं," ती घाईनं म्हणाली. "कंबर सरळ केली नुसती. टेकले नाय."

ढवळू थबकला. बांधावर उभा राहून तो असंच ओरडायचा. टेकलीस का? कोण टेकलं तिकडं? त्याला तो आवाज आठवला. तो काही वेगळा आवाज नव्हता.

दुपारी बुधी बांधाच्या कडेला गेली, त्याच्याकडे पाठ करून बसली, कमरेचं फडकं सोडून आपली नागलीची अर्धी भाकर खाऊ लागली. वेठीची माणसं अशीच बसत. आपलं आपण आणत, पाठ करून खात. सावडीच्या माणसाला घरधनी जेवू घालतो. फागीनं दिलेलं पेजेचं मडकं बांधावर होतं, पण म्हातारीनं तिकडे पाहिलंही नव्हतं.

ढवळू तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"पाटलाचं खाचर झालं का?" बुधीनं विचारलं. "का इथलं करून तिकडं जायाचं? सांजच्याला सोडशील ना? शेळी तशीच ऱ्हायलीय मपली."

"मावशे," तो म्हणाला. "राज्य ग्येलं."

"आँ?"

"राज्य ग्येलं!"

"काय ग्येलं?"

ढवळू उभा राहिला. आपोआप त्याचे हात तोंडाभोवती गेले.

"राज्य ग्येलं ऽऽऽ! वेठ न्हाय आता ऽऽऽ! कुणाला वेठ न्हाय ऽऽऽ!"

आवाज ओढ्यावरून गेला, डोंगराला लागला आणि परत आला. पलीकडच्या खाचरातलं गाणं थांबलं. ओळीतली माणसं एकेक करून ताठ उभी राहिली आणि या बाजूला बघू लागली. सगळ्या पाड्याला केव्हापासून ठाऊक असलेली गोष्ट ढवळू खाचरात उभा राहून ओरडून सांगत होता. तिकडे कुणीतरी खो खो हसलं. मग तेही थांबलं.

बुधीनं हातातला घास फडक्यावर ठेवला.

"मंग ही हाक कुणाची?" तिनं विचारलं.

"मपली."

"तुपली? एकट्याची?"

त्यानं मान हलवली.

"मंग मी जाऊ?"

ढवळूनं खाचराकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त उघडं पाणी होतं आणि त्यात मुठी मांडलेल्या होत्या. म्हातारी थांबली असती तर अंधारापर्यंत पुष्कळ झालं असतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी ती थांबली असती.

"जा," तो म्हणाला.

बुधीनं भाकर पुन्हा फडक्यात बांधली. ओढ्यात पाय धुतले, एक एक बोट चोळून. इरलं डोक्यावर घेतलं आणि बांधाबांधानं निघाली. थोडं पुढं गेल्यावर तिनं मागे वळून बघितलं, कुणी परत बोलावतंय का म्हणून. ढवळू तसाच उभा होता. मग ती गेली.

---

चौथ्या पहाटे ढवळू नेहमीच्या वेळी उठला आणि चुलीपाशी बसून राहिला.

"आज हाक नाय?" फागीनं विचारलं.

"नाय."

"घसा बसला?"

"नाय."

"मुठी कुजाया लागल्यात."

"ठाव हाय," तो म्हणाला. "पण एक दीस फेडायचा हाय."

त्यानं कुदळ घेतली. खडकाची वाट डावीकडे सोडून तो उजवीकडच्या चढाला लागला. या वाटेनं तो कित्येक वर्षांत आला नव्हता. बुधीचं घर म्हणजे कुडाची एक खोली, कुडाचं शेण पावसानं धुऊन गेलेलं. घरामागच्या उतारावर ती नागलीची रोपं लावत होती. जमीन अर्धीच खणून झाली होती.

ढवळू वरच्या कडेला गेला आणि खणू लागला. दगड निघत, ते बाजूला रचू लागला. बुधीला त्याची चाहूल लागायला वेळ लागला. दिसला तशी ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय रं? पाटलानं धाडलं?"

"नाय."

"मंग?"

तो तिच्या कानापाशी गेला. "काल तू मपल्याकडं व्हतीस. तो दीस फेडायला आलो."

"वेठीचा दीस कुणी फेडतं व्हय?"

"वेठ न्हाय ना आता."

बुधीनं त्याच्याकडे निरखून बघितलं. लहान मुलाला ताप आहे का ते बघावं, तसं. मग तिनं हातातल्या रोपांची माती झटकली.

"दगूड तिथं नको टाकू," ती म्हणाली. "पाणी अडतं. खालती टाक."

दिवसभर त्यानं खणलं आणि तिनं लावलं. मधूनमधून ती काही सांगे, आणि तो तसं करी. दुपारी तिनं तिखट घालून शिजवलेला भाजीचा पाला आणि भाकर त्याच्यापुढे ठेवली. ती त्याच्या समोर बसून जेवली. खाली, पलीकडे, त्याला आपलं खाचर दिसत होतं. मधे एकदा ऊन पडलं तेव्हा पाणी लखलखलं, आणि ढवळूनं मान फिरवली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा फागी म्हणाली, "माघ्या आला व्हता."

"कशाला?"

"म्हणाला, आज हाक नाय आली, म्हून आलो. काय झालं का बघाया. मी म्हटलं, काय नाय झालं, बुधीच्या उतारावर ग्येलाय. तर म्हणाला, बुधीच्या?" फागी जरा थांबली. "मंग खाचरावर ग्येला. मी इथनं बघत व्हते. मुठी उचलून हुंगल्या."

"काय बोलला?"

"काय नाय. हात धुतले अन् ग्येला."

ढवळूनं मान हलवली. फागीनं पाय ओंडक्यावर ठेवला आणि काडीला एक वेढा दिला.

---

सकाळी ढवळू थेट खाचरावर गेला. पाऊस भुरभुरत होता. त्यानं बांधावर बसून मुठी निवडायला घेतल्या. सोडून बघायची, आतली मुळं पांढरी असतील तर एका बाजूला, काळी असतील तर मागे फेकायची. मागचा ढीग लवकर वाढला. हाताला घाण वास लागला. पुढं राहिलं त्यात निम्मंही खाचर भरणार नव्हतं. उरलेल्या पाण्यात यंदा काही होणार नव्हतं, आणि वर्षातले काही महिने रानातले कंद उकरून खाऊन काढावे लागणार होते. त्याला ते आता स्पष्ट दिसत होतं.

बांधावर इरलं दिसलं. बुधी.

त्यानं हात थांबवले. मनात पहिलं आलं ते हे, की म्हातारी विसरली. हिला पुन्हा सगळं ओरडून सांगावं लागणार.

"मावशे," तो उठत म्हणाला, "मी हाक नाय मारली."

ती कान पुढं करून उभी राहिली. त्यानं पुन्हा सांगितलं.

"ठाव हाय," बुधी म्हणाली. "काल तू आलास. आज मी आले." तिनं कमरेवर हात ठेवून दाखवलं. फडकं नव्हतं. "भाकर नाय आणली. फागीला सांग, पेजंत मीठ बरं टाक म्हणावं."

तिनं निवडलेल्या मुठी बघितल्या, फेकलेला ढीग बघितला, जिभेनं च् च् केलं. मग चिखलात उतरली.

पलीकडच्या बांधावरून माघ्या चालला होता. तो थांबला. खाचरातल्या दोघांकडे बघत राहिला.

"ढवळूदा," तो ओरडला, "ही हाक कधी मारलीस? आम्हाला नाय ऐकू आली!"

बुधीनं विचारलं, "काय म्हणतो?" ढवळूनं तिच्या कानात सांगितलं.

"मला तरी कुठं ऐकू येतं!" म्हातारी त्याला ओरडून म्हणाली.

माघ्या हसला. जायला निघाला, पुन्हा थांबला.

"दुपारपर्यंत मपलं उरकतं," तो म्हणाला. ते तो ढवळूला म्हणाला, की स्वतःशीच, ते कळलं नाही. ढवळूनंही विचारलं नाही. माघ्या पावसात पुसट होत गेला.

बुधीनं ढवळूची पहिल्या दिवसाची तिरपी ओळ पायानं दाखवली.

"हे काय लावलंस? हाक मारायला येती, आवणी नाय. तीन बोटं धर. हां. अन् खोल नको घालू, कुजतं."

त्यानं तीन बोटं धरली. आवणी करताना माणूस मागं मागं सरकतो. पाठीमागं किती पाणी उरलं आहे ते दिसत नाही, पुढं लावलेलं तेवढं दिसतं. दोघं वाकून मागं सरकत गेली.